अकोल्याच्या कार्डावरचं नाव

रविवारी सव्वानऊला परवेज मन्सुरीनं कापूस पिंजायचं मशीन बंद केलं, तोंडावरचा रुमाल सोडला, भुवयांवर बसलेली रुई झटकली आणि फळीवरचा रेडिओ लावला. गेली बावीस वर्षं रविवारी तो हेच करत आला होता. वडील, अब्दुल गफ्फार, हयात होते तोवर त्यांच्या शिव्या खाऊन, आणि ते गेल्यावर राजरोस. गिऱ्हाईक गादी खांद्यावर घेऊन दारात उभं असलं तरी पाऊण तास मशीन बंद म्हणजे बंद. ताजनापेठेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि नवख्या माणसाला शेजारचा चहावाला समजावून सांगायचा. 'यान सतरा' या मालिकेची धून वाजली. मागोमाग तो घरघराट, जो म्हणे यानाच्या इंजिनाचा होता, पण परवेजला पहिल्या दिवसापासून आपल्याच मशीनचा वाटायचा. मग क्षणभर काहीच नाही. त्या रिकाम्या जागेत कप्तान विभासचा आवाज यायचा, खर्जातला, थोडा थकलेला, शेतावरून परत आलेल्या थोरल्या भावासारखा: 'मी कप्तान विभास. यान सतरा. पृथ्वीपासून दूर.' आज त्या जागेत एक बाई बोलली. 'मी कप्तान उल्का,' ती म्हणाली, 'यान आता माझ्याकडे आहे.' परवेजला वाटलं, काटा सरकला. त्यानं उठून बटण किंचित इकडे फिरवलं, किंचित तिकडे फिरवलं. नुसती खरखर आली. काटा होता तिथं परत आणल्यावर पुन्हा तीच बाई आली.

दवाखान्यात आपलं माणूस म्हणून खाटेजवळ जावं आणि चादरीखालून दुसरंच कुणी उठून बसावं, तसं त्याला झालं. विभासला म्हणे लांब झोपेत ठेवलं होतं. काचेच्या पेटीत, थंडगार हवेत, कधी उठेल ते सांगता येत नाही. ज्याला कळायचं त्याला कळलंच की विभासचा आवाज देणारा कलावंत थकला असणार. बावीस वर्षं झाली, माणूसच तो. परवेजला हे कळत होतं आणि कळून काही उपयोग नव्हता. यानाची गोष्ट अशी की ते पृथ्वीवरून निघालं आणि पहिल्याच वर्षी त्याचं ऐकायचं यंत्र बिघडलं. बोलता यायचं, ऐकू यायचं नाही. म्हणून दर रविवारी, वादळातून सुटका झाल्यावर, परग्रहावरच्या निळ्या माणसांशी तह झाल्यावर, शेवटी विभास त्या यंत्रासमोर बसायचा आणि म्हणायचा, 'पृथ्वी, ऐकतेस ना?' उत्तर कधी आलं नाही. उत्तर येणार नाही हे त्यालाही माहीत असावं. तरी तो विचारायचा, आणि विचारायची त्याची तऱ्हा अशी की परवेज दर वेळी रेडिओकडे थोडा वाकायचा. आज कप्तान उल्कानं काय केलं, तर शेवटी त्याच यंत्रासमोर बसली आणि म्हणाली, 'बावीस वर्षं आपण नुसते बोलत आलो. आता बोलणं बंद. आधी ऐकायचं यंत्र दुरुस्त करू.' आणि भाग संपला. हाक न मारताच संपला! परवेजला संताप आला. मोठं नुकसान आपलं एकट्याचंच झाल्यासारखा तो कापसाच्या ढिगावर बसून राहिला.

मालिकेनंतर दहा मिनिटं श्रोत्यांची पत्रं वाचत. खरं सांगायचं तर परवेजचा रविवार त्या दहा मिनिटांसाठी होता. निवेदक आधी पत्रातल्या दोन ओळी वाचायचा आणि मग नावं. पोस्टकार्डावर जितकी जास्त नावं तितकं ते वाचलं जाण्याची शक्यता जास्त, अशी वऱ्हाडातल्या झाडून सगळ्या श्रोता संघांची पक्की समजूत होती. त्यामुळे कार्डात आपलं, बायकापोरांचं, शेजाऱ्याचं, ज्याच्याकडे रेडिओ नाही त्याचंसुद्धा नाव घालत. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या सूर्यभाननं एकदा अजून न जन्मलेल्या नातवाचं नाव घातलं, ते वाचलंही गेलं, आणि पंधरा दिवसांनी नात झाली. परवेज हा 'चांदणी श्रोता संघ, अकोला' याचा चिटणीस, कारण त्याचं अक्षर चांगलं. कार्ड तोच लिहायचा, नावं तोच घालायचा, क्रम तोच ठरवायचा. आणि चौदा वर्षं, दर आठवड्याला, आपल्या नावानंतर एक नाव सोडून, लगेच लिहिलं तर कुणाच्या डोळ्यांवर येईल म्हणून मध्ये देवानंदचं नाव ठेवून, तो लिहायचा: माहेनूर. 'अकोल्याहून परवेज, देवानंद, माहेनूर, सूर्यभान, माणिकबाई...' निवेदक सपाट आवाजात वाचत जायचा आणि परवेजला दोन नावांमधलं अंतर मोजल्यासारखं ऐकू यायचं. एका श्वासाइतकं अंतर. त्याच्या आयुष्यात माहेनूर त्याहून जवळ कधी आली नाही.

म्हणजे एकदा आली होती. ब्याण्णव सालचा जानेवारी, अमरावतीला राजकमल चौकाजवळच्या हॉलमध्ये श्रोत्यांचं संमेलन. गावोगावची माणसं छातीला नावाची चिठ्ठी टाचून फिरत होती आणि एकमेकांची चिठ्ठी वाचून मिठ्या मारत होती, कारण चेहरे कुणाचेच माहीत नव्हते, नावं मात्र वर्षानुवर्षं कानावरून गेलेली. शेंदूरजनाघाटच्या संघानं संत्र्यांच्या टोपल्या आणल्या होत्या. सगळ्या हॉलभर सालींचा वास आणि लोकांच्या बोटांना रस. माहेनूर तिथल्याच मराठी शाळेत शिकलेली, तपकिरी स्वेटर, हातात अर्धं सोललेलं संत्रं. ती परवेजची चिठ्ठी वाचून म्हणाली, "तुमी अकोल्याचे परवेज का? तुमचं दर आठवड्याले वाचते. आमच्या इथून मी एकटीच लिहिते. एकटीचं कार्ड कोण वाचते?" त्यानं विचारलं, "तुम्हाले विभास आवडते?" ती म्हणाली, "आवडते. पण लयच बोलते तो." मग हसली, आणि त्या हसण्यावर निघता निघता म्हणाली, "तुमच्याच कार्डात टाकून द्या नं माझं नाव." एवढंच. सगळं मिळून चहा थंड होण्याइतका वेळ. परतताना मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये तो संत्र्याचा वास लागलेला हात नाकाशी धरून होता. पुढच्या रविवारी तिचं नाव त्याच्या कार्डातून रेडिओवर गेलं आणि त्याला वाटलं, झालं, आता हे सुरू झालं. काय सुरू झालं ते त्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. वडिलांजवळ विषय काढायला हवा होता. आपण पिंजारी, ती मास्तरची मुलगी, तिचे वडील काय म्हणतील, आधी दुकान जरा चालू दे, आधी बहिणीचं होऊ दे, अशी कारणं तो गोळा करत राहिला आणि त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर कळलं की अमरावतीतच बांगड्यांच्या दुकानदाराशी तिचा निकाह झाला. तेव्हा नाव काढायला हवं होतं. त्यानं काढलं नाही. ती ऐकत असेल, नसेलही. पण ऐकत असेल तर तिला कळावं की इथं कुणीतरी आहे, बस, एवढीच त्याची मागणी होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

बायको, जेबा, घरात उर्दू बोलायची, पण टोमणा मारायचा असला की वऱ्हाडीवर यायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती. दुकानामागच्याच दोन खोल्यांत संसार, मध्ये एक पडदा, त्यामुळे रेडिओ इकडे लागला की तिकडे स्वयंपाकघरात ऐकू जायचाच. पूर्वी एकदा खोळीला टाके घालता घालता ती म्हणाली होती, "हे माहेनूर कोण होय? बिचारी दर रविवारी येते अन् चहा न पिता जाते." परवेज म्हणाला होता, "संघाची मेंबर आहे." जेबानं दोरा दातानं तोडला आणि पुढची खोळ ओढली. त्यानंतर तिनं विचारलं नाही, आणि परवेजनं ते तिला काही कळलेलं नाही असं धरून टाकलं. सोयीचं होतं ते.

कप्तान बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर संघाची सभा बसली. सभा म्हणजे काय, सूर्यभान, कोपऱ्यावर हार विकणारी माणिकबाई आणि परवेज. बाकीचे कार्डावर होते, पण गावात नव्हते. कुणी सुरतेला, कुणी पुण्याला, कापसाच्या जिनिंग गिरण्या बंद पडल्यावर जो तो पोटामागे गेला होता. सूर्यभान लाल होऊनच आला. "बावीस वर्ष एकच डायव्हर," तो म्हणाला, "अन् आता स्टेरिंग बाईच्या हाती! अंतराळ हाय का मूर्तिजापूरचा रस्ता हाय?" माणिकबाई म्हणाली, "तुह्या यश्टीत बाया कंडक्टर आल्या तवाबी तू असाच बोंबलला होता." "त्या तिकिटं फाडतात बाप्पा, यान नाही चालवत." "मले बाई हाय म्हून नाही खटकत," माणिकबाई शेवंतीची फुलं सुईत ओवत म्हणाली, "मले त्याचा आवाज पाहिजे. तो बोलला का मले वाटे, चला, आठवडा सुरू झाला. आता कायले उठाव रविवारी?" आणि हे बोलताना तिचे डोळे खरंच भरून आले. परवेजला वाटलं, आपल्या मनातलं ही किती सरळ बोलून जाते. ठरलं की कडक कार्ड पाठवायचं. परवेजनं तिथंच बाकावर लिहिलं: 'आम्हां सर्वांना नवीन कप्तान नामंजूर आहे. कप्तान विभास यांना जागे करावे.' सूर्यभाननं मध्ये एक वाक्य घालायला लावलं: 'स्त्रीच्या हाती यान देणे आम्हांस पटत नाही.' परवेजचं पेन क्षणभर थांबलं आणि मग चाललं. माणिकबाईला वाचता येत नव्हतं, तिला कुणी ते वाक्य वाचून दाखवलं नाही. आणि खाली सवयीनं, हात आपला आपण चालत असल्यासारखा, तो नावं लिहीत गेला: परवेज, देवानंद, माहेनूर.

देवानंद दोन वर्षांपूर्वी गेला होता. पातूरकडचा माळ्याचा मुलगा, फुलं घेऊन अकोल्यात यायचा आणि टपरीवर बसून निळ्या माणसांची नक्कल करायचा. कपाशी फवारताना औषध नाकातोंडात गेलं असं कागदावर लिहिलं गेलं. गावात लोक दुसरंच बोलत. महिनाभरानं त्याची आई, सत्यभामा, दुकानात आली होती. पिशवीत शेवंती होती, ती तिनं मशीनवरच ठेवली आणि म्हणाली, "त्याचं नाव काढू नोको रे बाबा कार्डातून. रेडिओत येते तवा मी हातातलं काम ठेवतो." परवेजनं मान हलवली. तेव्हापासून देवानंदचं नाव लिहिताना त्याला आपण काहीतरी पुण्याचं करतो असं वाटायचं आणि लगेच पुढचं नाव लिहिताना ते पुण्य तिकडेही थोडं लागायचं. माणूस स्वतःशी किती लबाड असतो ते त्याला असं त्या कार्डावरच कधीकधी दिसायचं, आणि तो पुढचं नाव लिहायला घ्यायचा.

ते कार्ड पुढच्याच रविवारी वाचलं गेलं. निवेदकानं मालिकेच्या चाहत्यांची नाराजी म्हणून तीन-चार पत्रं घेतली, त्यात अकोल्याचं पहिलं. ते मधलं वाक्य त्यानं जरा ठासूनच वाचलं आणि मग नावांची माळ लावली. सूर्यभान टपरीवरून ओरडला, "वाचलं रे वाचलं!" माणिकबाई मात्र हाराची टोपली तशीच टाकून दुकानाच्या दारात आली. "म्या असं कवा म्हटलं रे? बाईच्या हाती द्या नोको म्हून? माह्या नवऱ्यानं हातगाडी टाकली तवापासून कोण ओढून राहिलं ते?" परवेज म्हणाला, "सूर्यभानभौनं सांगितलं म्हणून..." "नाव माहं होतं नं?" ती म्हणाली आणि गेली. परवेजनं मशीन लावलं. आवाजानं कान भरून गेले की बरं वाटतं, असं त्याला वाटलं होतं, पण त्या दिवशी वाटलं नाही.

गुरुवारी पोस्टकार्ड आलं. परवेज गिऱ्हाइकाकडे गाद्या पोचवायला गेला होता, पोस्टमननं ते जेबाच्या हातात दिलं. पोस्टकार्ड उघडंच, ते वाचायला काही फोडावं लागत नाही. परवेज परत आला तेव्हा ते मशीनच्या झाकणावर होतं आणि त्यावर उडू नये म्हणून कात्री ठेवलेली. जेबा खोळीला टाके घालत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अक्षर चांगलं हाय." त्यानं उभ्यानंच वाचलं:

'परवेजभाई यांस. रविवारी पत्र ऐकलं. स्त्रीच्या हाती यान देणं मला पटत नाही, असं माझ्या नावानं साऱ्या वऱ्हाडाला सांगितलं गेलं. माझी मुलगी शेजारी बसली होती. तिनं विचारलं, अम्मी, तू असं का लिहिलं? मी काय सांगू? ब्याण्णव साली मी एका कार्डापुरतं म्हटलं होतं, तेही हसता हसता. तुम्ही चौदा वर्षं लिहिलं. पहिली काही वर्षं मला घरात फार ऐकून घ्यावं लागलं. मग सासूबाईंनाच सवय झाली, त्याच हाक मारायच्या, ये गं, तुझं नाव आलं. मी कधी काही बोलले नाही ही माझी चूक. आज बोलते. मला नवीन कप्तान आवडते. माझं नाव काढा. माहेनूर, अमरावती.'

पहिल्यांदा काय वाटलं ते त्याला पुढे कधी कुणाला सांगता आलं नसतं, कारण पहिल्यांदा आनंद झाला. ती ऐकत होती! चौदा वर्षं, दर रविवारी, अमरावतीच्या कुठल्याशा गल्लीत, बांगड्यांच्या दुकानामागच्या घरात, त्याचं नाव, एक श्वास, आणि तिचं नाव. सासू हाक मारायची आणि ती हात पुसत यायची. ही एवढी मोठी गोष्ट चौदा वर्षं घडत होती आणि त्याला माहीत नव्हतं. तो कार्ड घेऊन मागच्या अंगणात गेला, तिथं पुन्हा वाचलं, आणि मग दुसरी ओळ, तिसरी ओळ एकेक करून त्याच्या आत उतरत गेली. 'फार ऐकून घ्यावं लागलं.' हे त्याच्या कल्पनेत कुठंच नव्हतं. तो इथं हात नाकाशी धरून बसला होता आणि तिथं कोणीतरी तिला विचारत होतं, कोण हा अकोल्याचा? नवी नवरी ती, काय उत्तर देणार? आणि पुढच्या रविवारी पुन्हा. तो ज्याला आपली माया म्हणत होता ती दर आठवड्याला तिच्या दारात उभी राहून तमाशा करत होती. त्याला इतकी लाज वाटली की त्यानं कार्ड पालथं धरलं. आणि लाजेच्या तळाशी तो नालायक आनंद होताच, ऐकत होती, ऐकत होती, काही केल्या जाईना.

शुक्रवारी त्यानं दुकान बंद ठेवलं आणि बसस्टँडवर गेला. अमरावतीची बस लागलेली होती. खिडकीतून लोक पिशव्या टाकून जागा धरत होते. बांगड्यांची दुकानं अमरावतीत असून असून किती असतील? इतवारा बाजारात दोन चौकशा केल्या तर घर सापडेल. मग दारात उभं राहून काय म्हणायचं? माफ करा? पुन्हा तिच्या दारात, पुन्हा शेजारीपाजारी बघणार, कोण हा? बस हलली, कंडक्टरनं घंटी मारली, परवेज हात खिशात घालून उभा राहिला. मग फलाट बदलून तो पातूरच्या बसमध्ये चढला. हे त्यानं ठरवून केलं नाही. फक्त कुणालातरी जाऊन विचारायचं आहे एवढंच त्याच्या मनात होतं, आणि जिथं विचारायला जाता येत होतं असं ते एकच घर होतं.

सत्यभामा ओसरीत फुलं निवडत बसली होती. तिनं पाणी दिलं, बस म्हणाली. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर परवेज म्हणाला, "मावशी, एक इचारायले आलो. देवानंदचं नाव ठेवू का काढू?" तिनं हातातली फुलं टोपलीत टाकली. "म्याच सांगितलं होतं नं ठेव म्हून." "हो. पण आता पुन्हा इचारून राहिलो." तिनं टोपली जरा बाजूला सरकवली. मग म्हणाली, "मागच्या रयवारी ऐकलं म्या. त्याले बाई कप्तान नोको होती म्हणे." परवेजनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "माह्या पोरानं जल्मात कोणाले नोको नाही म्हटलं रे," सत्यभामा म्हणाली. "बाप म्हणे हे कर, केलं. मालक म्हणे आजच्या आज फवार, फवारलं. एखाद्या डाव नोको म्हटलं असतं तं..." तिनं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा फुलं घेतली. "नाव ठेव. नुसतं नाव ठेव. त्याच्या तोंडी काई घालू नोको." निघताना तिनं शेवंतीचा पुडा दिला, घरी बाईले दे म्हणाली. येताना बसमध्ये तो पुडा मांडीवर धरून परवेज बसला होता आणि पहिल्यांदाच त्याला असं वाटलं की आपण आयुष्यभर माणसांची नावं घेतली, माणसांना काही विचारलं नाही. माहेनूरलाही नाही. तिला जर ब्याण्णवमध्ये विचारलं असतं, तुम्ही माझ्याशी निकाह कराल का, तर ती नाही म्हणाली असती. किंवा हो म्हणाली असती. दोन्हींतलं काहीही या चौदा वर्षांपेक्षा बरं झालं असतं.

शनिवारी त्यानं कार्ड लिहिलं. सूर्यभानला विचारलं, तो म्हणाला, "माहं मत कायम हाय, लिही." माणिकबाईला विचारलं, तिनं आधी दोन शिव्या दिल्या आणि मग वाक्य त्याच्याकडून दोनदा वाचून घेऊन होकार दिला. 'मागील पत्रातील मजकूर सर्वांचा नव्हता. ज्यांच्या नावाने तो गेला त्यांची माफी मागतो.' खाली नावं. परवेज, देवानंद. तिथं पेन थांबलं. हात पुढचं अक्षर काढायला निघालाच होता, 'मा' पर्यंत येऊन पोचला होता. मग त्याच 'मा'ला पुढे 'णिकबाई' जोडून त्यानं माणिकबाईला वर घेतलं, सूर्यभान तिच्यानंतर, आणि कार्ड पेटीत टाकलं. टाकल्यावरही थोडा वेळ पेटीच्या तोंडावर हात ठेवून उभा राहिला. आता तिला काही पोचणार नव्हतं. तिनं मागितलेली तेवढी एकच गोष्ट तो देऊ शकत होता, आणि देताना असं वाटत होतं की आपल्याच हातानं आपलं काहीतरी मातीत पुरतो आहोत.

एक रविवार मध्ये गेला, त्याच्या पुढच्या रविवारी कार्ड लागलं. कप्तान उल्कानं तोवर ऐकायचं यंत्र अर्धं उघडलं होतं आणि आत काय बिघडलंय ते कुणालाच कळत नव्हतं. निवेदकानं अकोल्याची माफी वाचली. "परवेज, देवानंद, माणिकबाई, सूर्यभान..." देवानंद आणि माणिकबाई यांच्यामध्ये जराही जागा नव्हती. इतकी वर्षं तिथं एक माणूस होतं हे कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी ती नावं एकमेकांना चिकटून गेली. परवेजनं डोळे मिटले. आणि निवेदक म्हणाला, "आता अमरावतीहून एक पत्र. लिहितात माहेनूर." एकटं नाव. मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही. "त्या म्हणतात, 'कप्तान उल्का मला आवडली, कारण ती ऐकायचं म्हणते. विभास मला नावडता नव्हता. तो दर रविवारी हाक मारायचा, ती इकडे पोचत होती. हे कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं. पण हाक पोचली म्हणून उत्तर द्यावंच लागतं असं नाही.'" मग धून वाजली आणि बाजारभाव सुरू झाले.

परवेज रडला. कापसाच्या ढिगावर बसून, तोंडाला रुमाल लावून, मोठ्या माणसानं रडू नये तसा रडला. तिचा आवाज आज तिचा होता आणि त्यात त्याला काहीही जागा नव्हती, आणि तरी त्यातलं एक वाक्य त्याच्यासाठी होतं, एकच, पुरून उरेल एवढं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पडदा हलला. जेबा बाहेर आली. तिच्या हाताला कणीक होती. ती समोरच्या गादीवर बसली. आजवर रेडिओच्या वेळेला ती या बाजूला कधी आली नव्हती.

"झालं?" ती म्हणाली.

परवेजनं मान हलवली.

"एक इचारू?" ती कणीक बोटांवरून काढत म्हणाली. "तेवीस नावं असतात तुमच्या कार्डात. पुण्याले गेलेले, सुरतले गेलेले, मेलेले. त्या सूर्यभानचा न झालेला नातूसुद्धा आला. मी बारा वर्ष झाले त्या पडद्यामांगं ऐकून राहिली. दर रविवारी. भाजी करपू देतो पण ऐकतो." ती थांबली. "माहं नाव काहून नाही कधी?"

परवेजला वाटलं, लगेच म्हणावं, पुढच्या कार्डात घालतो, सगळ्यांत वर घालतो. ते तोंडाशी आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"घालू का?" त्यानं विचारलं.

जेबा त्याच्याकडे बघत राहिली. रेडिओवर अकोल्याच्या बाजारातले सरकीचे भाव सांगत होते, तुरीचे सांगत होते, हरभऱ्याचे सांगत होते. तिनं काही उत्तर दिलं नाही, आणि परवेज तिच्या तोंडाकडे बघत, रेडिओ बंद न करता, उत्तराची वाट पाहत बसला.